वहीतली नोंद, मैदानातली जागा



पोलीस भरतीची चाहूल लागली की वर्तकनगरमधल्या आमच्या छोट्याशा अभ्यासिकेत सामान्य ज्ञानाची गाइडं येऊन पडतात. मुली ती आपसात फिरवतात, पानं सुटेपर्यंत वापरतात. क्रीडा विभागात एक प्रश्न हमखास असतो : एकदिवसीय क्रिकेटमध्ये पहिलं द्विशतक कुणी केलं? उत्तर सगळ्यांना तोंडपाठ. सचिन तेंडुलकर, २४ फेब्रुवारी २०१०, ग्वाल्हेर, दक्षिण आफ्रिकेविरुद्ध नाबाद २००.

हे उत्तर चूक आहे. पहिलं द्विशतक १६ डिसेंबर १९९७ रोजी झालं, आणि तेही लांब कुठे नाही, आपल्या मुंबईत, वांद्र्याच्या एमआयजी मैदानावर. महिलांचा विश्वचषक त्या वर्षी भारतात होता. ऑस्ट्रेलियाची कर्णधार बेलिंडा क्लार्क हिनं डेन्मार्कविरुद्ध १५५ चेंडूंत नाबाद २२९ धावा केल्या. संघाच्या झाल्या ३ बाद ४१२. सचिनचं लहानपण ज्या साहित्य सहवासात गेलं ती वसाहत या मैदानापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. म्हणजे जगातलं पहिलं द्विशतक त्याच्या जुन्या घराच्या शेजारी होऊन गेलं होतं. बारा वर्षांनी ग्वाल्हेरला दुसरं झालं, तेव्हा वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी ‘जगातलं पहिलं’ म्हणून ठळक मथळे दिले, आणि गाइडवाल्यांनी ते तसेच उचलले.

सचिनचा यात काही दोष नाही, आणि त्याची खेळी लहान होत नाही. त्याच्या विक्रमाच्या आधी ‘पुरुषांच्या’ हा एक शब्द हवा होता, एवढंच. पण तो शब्द लावायची कुणाला गरज वाटली नाही. बायकांच्या सामन्याला आपण ‘महिला क्रिकेट’ म्हणतो, पुरुषांच्या सामन्याला नुसतं ‘क्रिकेट’. जिथे विशेषण नाही तिथे पुरुष गृहीत धरायचा, हे भाषेनंच आपल्याला शिकवून ठेवलेलं आहे. आता हेही पाहा. क्रिकेटचा पहिला विश्वचषक कोणत्या वर्षी झाला, असं विचारलं की सगळे १९७५ सांगतात. बायकांचा पहिला विश्वचषक इंग्लंडमध्ये १९७३ साली झाला होता, पुरुषांच्या दोन वर्षं आधी. बायकांनी आधी केलं तरी ते पहिलं धरलं जात नाही.

या विषयावर बैठकीत बोलणं चाललं असताना एका कार्यकर्त्यानं आक्षेप घेतला, की डेन्मार्कचा संघ अगदीच कच्चा होता, अख्खा संघ ४९ धावांत गारद झाला, मग त्या २२९ धावांचं एवढं काय? आक्षेप नोंदवून घ्यावा असा आहे. पण गाइडातला प्रश्न ‘सर्वांत अवघड द्विशतक कोणतं’ असा नाही, ‘पहिलं कोणतं’ असा आहे. पुरुषांच्या विक्रमांत समोरचा संघ दुबळा होता म्हणून धावा वजा करण्याची पद्धत निदान आमच्या ऐकिवात नाही.

म्हणून या अंकासाठी खेळ हा विषय घेतला, तेव्हा आम्ही पदकांच्या यादीकडे न जाता वहीकडे वळलो. विक्रम नुसता होत नाही. कुणीतरी घड्याळ धरावं लागतं, कुणीतरी फीत टाकून अंतर मोजावं लागतं, कुणीतरी आकडा लिहावा लागतो आणि कुणीतरी तो छापावा लागतो. घड्याळ आणि लेखणी ज्यांच्या हाती, त्यांच्या नजरेनं नोंद होते.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण आमच्या भरतीच्या मुलींच्या अगदी पायांशी संबंधित आहे. महाराष्ट्र पोलिसांच्या शारीरिक चाचणीत मुलांना १६०० मीटर धावावं लागतं, मुलींना ८००. पहाटे उपवन तलावाच्या बाजूला नाहीतर पोखरण रस्त्याच्या कडेनं मोबाइलवर वेळ लावून ज्या मुली धावताना दिसतात, त्या हे ८०० मीटर घोटत असतात. हेच अंतर बायकांना झेपत नाही असं जगानं ३२ वर्षं ठरवून टाकलं होतं. १९२८ साली अॅमस्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्ये मैदानी स्पर्धांत बायकांना पहिल्यांदा प्रवेश मिळाला, फक्त पाच प्रकारांत. त्यात ८०० मीटर होतं. जर्मनीची लीना राडके २ मिनिटं १६.८ सेकंदांचा विश्वविक्रम करून जिंकली. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मात्र विक्रमापेक्षा ‘हालां’चं वर्णन मोठं होतं. बायका मैदानात कोसळल्या, निम्म्या जणींना शर्यत पुरी करता आली नाही, बाईच्या शरीराला हे सोसवत नाही, वगैरे. शर्यत संपल्यावर दमून गवतावर बसणं किंवा आडवं होणं हे पुरुष धावपटूही करतातच. त्यांच्याबाबत त्याला जिद्द म्हणतात. पुढे अभ्यासकांनी निकालपत्रकं काढून पाहिली. अंतिम शर्यतीत धावल्या नऊ जणी, आणि शेवटच्या रेषेपर्यंत पोचल्याही नऊच. पण त्या खोट्या बातम्यांचा आधार घेऊन ही शर्यत बंद झाली ती थेट १९६० साली रोमला परत सुरू झाली. बायकांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्ये यायला १९८४ उजाडलं, आणि ३००० मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याची उडी असलेली शर्यत, बायकांसाठी आली २००८ साली.

स्टीपलचेसचं नाव काढलं की साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोहीची ललिता बाबर आठवते. रिओला २०१६ साली प्राथमिक फेरीत तिनं ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला आणि अंतिम फेरीत दहावी आली. १९८४ साली पी. टी. उषानंतर ऑलिंपिकच्या धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचलेली ती पहिली भारतीय बाई. तिचा विक्रम पारुल चौधरीनं बुडापेस्टला २०२३ साली मोडला. जी शर्यतच बायकांना अवघी आठ वर्षं आधी खुली झाली, तिच्यात ललिता जगातल्या पहिल्या दहांत आली हे लक्षात घ्या. शर्यत वीस वर्षं आधी असती तर आपल्या दुष्काळी भागातल्या आणखी किती मुली तिथे पोचल्या असत्या, याची नोंद कोणत्याच वहीत सापडणार नाही.

आता जरा मागे जाऊ. १९५२, हेलसिंकी. खाशाबा जाधवांची गोष्ट महाराष्ट्रात कुणाला सांगावी लागत नाही. गोळेश्वरचा पैलवान, पैशांसाठी केलेली वणवण, राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून दिलेली रक्कम, आणि मग स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. ही गोष्ट सांगावी अशीच आहे. २०२४ साली कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला नेमबाजीत कांस्य मिळवलं, तेव्हा ७२ वर्षांनी पुन्हा तिची उजळणी झाली, तेही योग्यच.

पण त्याच हेलसिंकीला वांद्र्याची मेरी डिसोझा नावाची एकवीस वर्षांची मुलगी धावली होती. तिची गोष्ट आपल्यापैकी किती जणींनी ऐकली आहे? ऑलिंपिकमध्ये उतरलेल्या पहिल्या चार भारतीय बायकांत ती होती. बंगालच्या नीलिमा घोष तिच्याबरोबर धावण्यात होत्या, आरती साहा आणि डॉली नाझीर पोहण्यात. मेरीनं १०० आणि २०० मीटरमध्ये भाग घेतला आणि पहिल्याच फेरीत ती बाहेर पडली. तिच्या प्रवासाच्या पैशांसाठीही मित्रमंडळींनी आणि ओळखीच्यांनी कार्यक्रम करून रक्कम उभी केली होती. त्याआधी १९५१ च्या दिल्लीतल्या पहिल्या आशियाई स्पर्धेत २०० मीटरमध्ये तिनं कांस्यपदक मिळवलं होतं. नंतर १९५४ साली मनिलाच्या आशियाई स्पर्धेत ४ x १०० मीटर रिले जिंकणाऱ्या भारतीय चमूत ती होती. शिवाय ती देशासाठी हॉकीही खेळली. सरकारला तिची आठवण झाली ती २०१३ साली. ध्यानचंद पुरस्कार मिळाला तेव्हा तिचं वय ८२ होतं आणि ती अमेरिकेत राहत होती.

खाशाबांना पदक मिळालं, मेरीला नाही, म्हणून एक लक्षात राहिला आणि दुसरी विसरली गेली, असं कुणी म्हणेल. तेवढंच कारण असतं तर मनिलाचं सुवर्ण तरी लक्षात राहिलं असतं. मेरी बाई होती, ख्रिस्ती होती, आणि तिची गोष्ट मराठीत कुणी फारशी लिहिली नाही. ‘आपला’ खेळाडू म्हणजे कोण, हे ठरवताना जात, धर्म आणि भाषा यांची चाळणी नकळत लागते. स्त्री-चळवळीनंही ही चाळणी आपल्या हातात नाही ना, हे तपासायला हवं. आपल्या पोस्टरवर आपण ज्यांची चित्रं लावतो त्यांत वांद्र्याच्या, वसईच्या ख्रिस्ती वस्तीतली एखादी बाई कितीदा असते?

लेखणी घरात असेल तर काय होतं, याचंही उदाहरण मुंबईतच आहे. वासंती, जयश्री आणि रोहिणी या खाडिलकर बहिणी. वडील नीळकंठ खाडिलकर ‘नवाकाळ’चे संपादक. महिलांची राष्ट्रीय बुद्धिबळ स्पर्धा १९७४ साली सुरू झाली आणि पहिल्या दहा वर्षांतली विजेतेपदं या तिघी बहिणींच्याच घरात राहिली. पण आपल्या दृष्टीनं महत्त्वाचं साल १९७६. तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली आणि एकच गहजब झाला. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. जागतिक बुद्धिबळ महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स युवे यांना निर्णय द्यावा लागला, की राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून बायकांना केवळ बाई म्हणून वगळता येणार नाही. १९८१ साली रोहिणी आशियाई विजेती झाली. मला विचाराल तर तिच्या सगळ्या चषकांपेक्षा तो निर्णय मोठा. नागपूरच्या दिव्या देशमुखनं जुलै २०२५ मध्ये बाटुमीला कोनेरू हम्पीला हरवून महिला विश्वचषक जिंकला आणि त्याबरोबर ग्रँडमास्टर किताबही मिळवला. ती बातमी वाचताना आपल्या गटांतल्या मुलींना १९७६ ची गोष्टही सांगावी. आणि हेही सांगावं, की त्या लढ्यामागे एक खंबीर बाप आणि एक चालतं वर्तमानपत्र होतं. प्रत्येकीला ते नसतं.

ज्यांना ते नसतं त्यांच्यासाठी कायदा लागतो. इथे अमेरिकेचं उदाहरण थोडं तपशिलात पाहण्यासारखं आहे. बोस्टन मॅरेथॉनचं ते छायाचित्र पुष्कळ जणींनी पाहिलं असेल. १९६७ साल, २६१ क्रमांक लावलेली कॅथरीन स्विट्झर धावते आहे आणि स्पर्धेचा एक अधिकारी तिच्या अंगावरचा क्रमांक ओढून काढू पाहतो आहे. तिनं अर्जात फक्त आद्याक्षरं लिहिली होती, म्हणून तिला क्रमांक मिळाला होता. तिच्या आदल्याच वर्षी रॉबर्टा गिब नावाची बाई झुडपात लपून, क्रमांकाशिवाय शर्यतीत घुसली आणि पूर्ण अंतर धावली. पुढच्या दोन वर्षांतही ती धावली. या तिन्ही वर्षांची विजेती म्हणून तिचं नाव संयोजकांनी अधिकृत वहीत लिहिलं ते १९९६ साली. तीस वर्षांनी! बायकांना तिथे रीतसर प्रवेश १९७२ साली मिळाला.

त्याच १९७२ साली तिथे शिक्षणातल्या भेदभावाविरुद्ध ‘टायटल नाइन’ हा कायदा झाला. त्याचं मूळ कलम इंग्रजीत अवघ्या ३७ शब्दांचं आहे आणि त्यात ‘खेळ’ हा शब्दही नाही. सरकारी पैसा घेणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेत लिंगभेदामुळे कुणाला वगळता येणार नाही, इतकंच ते म्हणतं. पण बायकांच्या संघटनांनी तो कायदा पकडून शाळाशाळांत हिशोब मागितला : मुलांच्या संघांवर किती खर्च, मुलींच्या संघांवर किती? परिणाम असा, की कायद्याआधी तिथल्या माध्यमिक शाळांतल्या खेळांत सुमारे ३ लाख मुली होत्या, त्या सहा वर्षांत २० लाखांवर गेल्या. आज त्या ३० लाखांहून अधिक आहेत. एखाद्या विक्रमवीर बाईचं चित्र लावून हे झालं नसतं. याची दुसरी बाजूही पाहायला हवी. कायद्यापूर्वी कॉलेजांतल्या मुलींच्या संघांच्या प्रशिक्षक नव्वद टक्क्यांहून अधिक बायकाच असत. पैसा आणि पगार आल्यावर त्या जागा पुरुषांकडे गेल्या, आणि आता निम्म्याहूनही कमी जागांवर बायका आहेत. आपल्याकडे बचत गटांपासून पतपेढ्यांपर्यंत हे आपण पाहिलेलं आहे. फुकटचं असतं तोवर बायकांचं, मानधन आलं की पुरुषांचं.

आपल्याकडे खेळासाठी असा कायदा नाही. पण जो आहे तो तरी आपण वापरतो का? कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात ‘कामाचं ठिकाण’ या व्याख्येत क्रीडा संस्था, स्टेडियम, क्रीडासंकुल आणि प्रशिक्षणाची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे मुलींना शिकवणाऱ्या क्लबात, अकादमीत दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवी, आणि नसतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. २०२३ साली देशासाठी पदकं आणलेल्या कुस्तीगीर मुलींना लैंगिक छळाच्या तक्रारीसाठी जंतरमंतरवर बसावं लागलं. गुन्हा नोंदवून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयात जावं लागलं. २८ मे रोजी पोलिसांनी त्यांना फरफटत उचललं, तेव्हा एकीकडे नव्या संसद भवनाचं उद्घाटन चाललं होतं. ऑलिंपिक पदक गाठीशी असून ही गत, तर तालुका पातळीवरच्या चौदा वर्षांच्या मुलीनं कुणाकडे जायचं? आपल्या गटांनी या अंगानं काम सुरू केलेलं नाही, ते करायला हवं.

या सगळ्यात २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र विसरता येत नाही, आणि विसरायचीही नाही. नेरूळचं डी. वाय. पाटील स्टेडियम म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. तिथे भारतीय बायकांनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून पहिल्यांदा विश्वचषक जिंकला. शेफाली वर्माच्या ८७ धावा, दीप्ती शर्माचं अर्धशतक आणि पाच बळी. त्याच मैदानावर तीनच दिवस आधी उपांत्य सामन्यात मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जनं नाबाद १२७ धावा करून ऑस्ट्रेलियाचं ३३९ धावांचं आव्हान पार करून दिलं होतं. सांगलीची स्मृती मानधना घराघरांत पोचलेलीच आहे. त्या रात्री वर्तकनगरात फटाके वाजले, आणि ते बायकांच्या खेळासाठी वाजले. ज्या बायका एरवी क्रिकेट लागलं की रिमोट नवऱ्याकडे देऊन स्वयंपाकघरात जातात, त्या मध्यरात्र उलटेपर्यंत बसून होत्या. पुण्याला १९७३ साली बायकांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली तेव्हा संघ आले होते तीन : मुंबई, महाराष्ट्र आणि उत्तर प्रदेश. २००६ पर्यंत या खेळाचा कारभार बायकांच्या वेगळ्या संघटनेकडे होता आणि गाठीशी पैसा जवळजवळ नव्हता. रेल्वेच्या साध्या डब्यानं प्रवास करून, शाळांच्या वर्गांत पथाऱ्या टाकून त्या पिढीनं हा खेळ जिवंत ठेवला. सामन्याचं मानधन पुरुषांइतकं झालं ते २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये.

कौतुकाच्या या वातावरणात एका गोष्टीची आम्हाला धास्ती वाटते. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य. तिच्यावरच्या बहुतेक लेखांत एक वाक्य असतंच, की लांबून पाणी आणताना, डोंगरवाटा तुडवताना तिचे पाय तयार झाले. माणदेशाबद्दलही असंच लिहितात. वाचायला छान वाटतं. पण हंडे वाहणं हा सराव नव्हे. तो मुलींवर टाकलेला, पगार नसलेला कामाचा बोजा आहे. त्याच वाटांवर हंडे वाहून पाठीची दुखणी घेऊन बसलेल्या हजारो बायका आहेत, त्यांच्यावर लेख येत नाहीत. कविता धावली ती हंड्यामुळे नाही, हंडा असूनही. टंचाईला प्रशिक्षण म्हणायची सवय लागली की नळ देण्याची जबाबदारी आपोआप बाजूला पडते.

आणि शेवटी आपल्या दारातली गोष्ट. वर्तकनगरच्या जुन्या म्हाडा वसाहतीत इमारतींच्या मधे मोकळी जागा असायची. लंगडी, खो-खो, डबा ऐसपैस तिथेच चालायचं. जुन्या इमारती पडून टॉवर उभे राहतात, तसतशी ती जागा गाड्यांच्या पार्किंगखाली जाते. उरलेलं पटांगण मुलांच्या क्रिकेटचं. तासावर भाड्यानं मिळणारी जाळीतली मैदानं निघाली आहेत, पण वस्तीतल्या मुलीला घरून त्यासाठी पैसे कोण देतं? संध्याकाळी सहा ते आठ कोणत्याही मैदानापाशी उभं राहून पाहा. दहा-अकरा वर्षांपर्यंतच्या मुली दिसतील, मग एकदम दिसेनाशा होतात. पाळी सुरू झालेली असते, धाकट्या भावंडांना सांभाळायचं असतं, पाणी भरायचं असतं, ‘लोक काय म्हणतील’ असतं, आणि मैदानाजवळ जाण्याजोगं स्वच्छतागृह नसतं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक भारतीय मुलींनी जिंकला, कर्णधार आपल्या पुण्याकडची प्रियांका इंगळे. पण खो-खोचे दोन खांब रोवायला आमच्या भागात आज जागा शोधावी लागते.

तेव्हा पुढच्या अंकासाठी तुमच्याकडून काम हवं आहे. कळवा, कोपरी, लोकमान्यनगर, डोंबिवली, कल्याण, अंबरनाथ, जिथे जिथे आपले गट आहेत तिथल्या एका तरी मैदानाची आठवडाभराची नोंद ठेवा. कोणत्या वेळी कोण खेळतं, मुली किती आणि कोणत्या वयाच्या, दिवे आहेत का, स्वच्छतागृह उघडं असतं की कुलूपबंद, किल्ली कुणाकडे, मुलींना शिकवायला कुणी बाई आहे का, तक्रारीसाठी समितीचा फलक लावलेला आहे का. महापालिकेच्या अंदाजपत्रकात तुमच्या प्रभागातल्या खेळासाठी काय तरतूद आहे, हेही नगरसेवकाला विचारा आणि उत्तर मिळालं नाही तर तसं लिहा. आणखी एक. तुमच्या वस्तीत, तुमच्या चाळीत पूर्वी कबड्डी, खो-खो, हॉकी खेळलेल्या, शाळेच्या किंवा गिरणीच्या संघात असलेल्या बायका असतील. त्यांच्याकडे जाऊन बसा. साल, संघ, सामना, कोण कोण होतं, खेळ कधी आणि का सुटला, हे त्यांच्या शब्दांत लिहून आणा. जुना फोटो असेल तर मागच्या बाजूला नावं घाला, डावीकडून उजवीकडे. पेन्सिलीनं लिहिलेलं चालेल, अक्षर कसंही असलं तरी चालेल. पुढच्या बैठकीला येताना वह्या बरोबर आणा, टंकलिखित करायचं काम अभ्यासिकेतल्या मुलींनी अंगावर घेतलेलं आहे.